मात्रा चालण्याची

बायपास होऊन घरी आले त्या दिवसापासून घरची माणसं, शेजारीपाजारी, फोनवरचे नातेवाईक सगळे मला एकच सांगत होते: ‘आता काही करू नकोस, नुसती पडून राहा.’ मायेनंच सांगायचे. पण हृदयाच्या ऑपरेशननंतर पडून राहणं हा उपचार नव्हे, हे इस्पितळातल्या फिजिओनं माझ्या मनात पक्कं बसवलं होतं. घरी ते सांभाळायला जी खटपट करावी लागली, तेवढी ऑपरेशनला तयार होतानाही करावी लागली नव्हती. म्हणून हे लिहिते आहे, आणि मुख्यतः बायकांसाठी लिहिते आहे. आमच्या बाबतीत ‘पडून राहा’ म्हणणारीच माणसं महिन्याभरानं म्हणायला लागतात, ‘घरात सगळं करतेसच की, झाला तेवढा व्यायाम!’ ही दोन्ही वाक्यं सारखीच नुकसान करतात.

मी फोंडा तालुक्यातली, म्हार्दोळजवळ राहणारी. वय साठीच्या आतलं, मधुमेह जुना. सिनेमात दाखवतात तशी छातीत कळ मला आलीच नाही. देवळाकडचा चढ चढताना दम लागायचा, पाठीत आणि जबड्यात ओढल्यासारखं व्हायचं. पित्त समजून मी सोडा घेत राहिले. बायकांना बऱ्याचदा असंच होतं, हे नंतर कळलं. अँजिओग्राफीत तिन्ही मुख्य वाहिन्यांत अडथळे निघाले. मधुमेहाच्या माणसाला तिन्ही वाहिन्यांत अडथळे असले तर स्टेंटपेक्षा, म्हणजे वाहिनीत जाळीची नळी बसवण्यापेक्षा, बायपास बरी पडते, असं डॉक्टरांनी समजावलं आणि बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, ऑपरेशन झालं. छातीचं हाड मधोमध कापतात, छातीच्या आतल्या बाजूची एक धमनी आणि पायातली शीर वापरून रक्ताला नवी वाट करून देतात, मग हाड स्टीलच्या तारांनी बांधतात. तारा आत कायमच्या राहतात. हाड सांधायला मात्र दोन-तीन महिने लागतात, आणि पुढचं सगळं त्या दोन-तीन महिन्यांभोवती फिरतं.

व्यायामाची सुरुवात आयसीयूत झाली. घशातली नळी काढली होती, छातीत साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या होत्याच. फिजिओ म्हणजे माझ्या सुनेच्या वयाची मुलगी. मला मावशी म्हणायची. ‘मावशी, पावलं वर-खाली करा बघू.’ मला वाटलं, ही माझं लक्ष दुखण्यावरून दुसरीकडे वळवते आहे. तसं नव्हतं. पोटरीचे स्नायू हलले की पायांतलं रक्त वर ढकललं जातं, साकळत नाही. जागी असताना दर तासाला ते करायचं होतं.

मग खोकायचं. उभी छाती कापलेल्या माणसाला खोक म्हणणं म्हणजे काय, ते ज्यानं सोसलं त्यालाच ठाऊक. तिनं एक उशी दिली, दोन्ही हातांनी छातीशी घट्ट आवळून धरायला लावली आणि मग खोकायला सांगितलं. कारणही सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी फुप्फुसं दबून राहिलेली असतात, आत कफ साठतो, आणि दुखतं म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो. तळाचा भाग उघडतच नाही. मग ताप येतो, न्यूमोनिया होतो. उशीशिवाय खोकणं आणि उशी धरून खोकणं यातला फरक एकदा कळल्यावर मी ती उशी घरी आल्यावरही कितीतरी दिवस हाताशी ठेवली. गाडीतून येताना पट्टा आणि छाती यांच्यामध्येही तीच होती.

तीन गोळ्यांचं ते यंत्र, स्पायरोमीटर, बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, फुंकायचा नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाई दिवसभर फुंकत होत्या, कारण त्यांना कुणी नीट दाखवलं नव्हतं. फिजिओनं ते पाहिलं आणि त्यांच्याजवळ बसून पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. गोळ्यांखाली ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. सेकंदाला तेवढे मिलीलिटर हवा ओढली की ती ती गोळी वर जाते. मी म्हाळसेच्या गावची, भजनी मंडळात गाणारी. अभंगाचा अख्खा चरण एका दमात म्हणायची सवय. आणि इथे पहिली गोळी जेमतेम थरथरत वर जायची आणि टकदिशी खाली पडायची. फिजिओनं सांगितलं, ‘झटका देऊन तिन्ही उडवू नका. सावकाश ओढा, वर गेली की धरून ठेवा, दोन-तीन मोजा.’ धरून ठेवण्यातच फायदा आहे, फुप्फुसाचा मिटलेला भाग तेव्हा उघडतो. दुसरी गोळी वर थांबायला लागली तेव्हा मला माझा सूर परत मिळणार, अशी पहिल्यांदा खात्री वाटली.

उठायचंसुद्धा शिकावं लागलं. हातांवर जोर देऊन उठायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे आणि पायांच्या वजनानं अंग वर येऊ द्यायचं. पहिल्यांदा बसले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. तिनं घाई केली नाही. रक्तदाब मोजला, पाय हलवायला लावले, पुन्हा मोजला. मग खुर्ची, मग खाटेभोवती चार पावलं, मग वॉर्डाबाहेरचा पॅसेज. तिचं एक डोळ्यांत तेल घालून पाळलेलं बंधन होतं: बसल्या जागी नाडी जेवढी, त्याच्यावर चालताना तीसपेक्षा जास्त जाऊ द्यायची नाही. हृदयविकाराचा झटका आलेला, पण ऑपरेशन न झालेला रोगी असेल तर वीसच. म्हणजे ती मला नुसती फिरवून आणत नव्हती, औषध मोजून द्यावं तसं चालणं मोजून देत होती.

मध्येच एकदा ठोके बिघडले. काही न करता छातीत फडफड सुरू झाली, मॉनिटरवरचा आकडा वेडावाकडा धावायला लागला. मी घाबरले, आणि आमचे हे तर माझ्यापेक्षा जास्त. त्यांना वाटलं, चालवलं म्हणूनच झालं. डॉक्टरांनी त्यांना बाजूला नेऊन समजावलं की बायपासनंतर पहिल्या काही दिवसांत असे बेताल ठोके साधारण तीन-चार रोग्यांमागे एकाला होतात, आणि चालण्याशी त्याचा संबंध नाही. औषधं दिली, ताल जागेवर आला. तेवढ्यापुरतं चालणं थांबलं, श्वासाचे व्यायाम चालू राहिले, आणि ठोके स्थिर झाल्यावर पॅसेज पुन्हा सुरू. पण ह्यांच्या मनात बसलेली भीती पुढे बरेच आठवडे गेली नाही.

सुट्टी देण्याआधी फिजिओनं विचारलं, ‘घराला पायऱ्या आहेत?’ गोव्यातल्या जुन्या घराला जोतं उंच, पायऱ्या असणारच. तिनं मला इस्पितळाच्या जिन्यावर नेलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शीर काढलेला पाय आधी. कठडा आधारापुरता धरायचा, हातानं अंग ओढून घ्यायचं नाही. पायऱ्या चढल्याशिवाय ती सोडायला तयार नव्हती, आणि ते योग्यच होतं.

हे सगळं आज साधं वाटतं, पण वैद्यकाला इथवर यायला फार वेळ लागला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झटका आलेल्या माणसाला सहा-सहा आठवडे अंथरुणातून उठू देत नसत. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युएल लेविन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी अशा रोग्यांना लवकर खुर्चीत बसवल्याचे अनुभव छापले, तेव्हा तेसुद्धा धाडस होतं. गंमत म्हणजे त्याच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकात, इंग्लंडच्या विल्यम हेबर्डन या वैद्यानं छातीच्या कळेचं वर्णन करताना आपल्या एका रोग्याची नोंद ठेवली होती. तो रोज अर्धा तास लाकूड कापायचा आणि त्यानं जवळजवळ बरा झाला. मुलानं मला फोनवर हे वाचून दाखवलं तेव्हा मी ते ह्यांनाही मुद्दाम ऐकायला लावलं.

घरी आल्यावर खरी परीक्षा. कागदावर लिहिलेलं होतं: पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा चालायचं, जमेल तसं एक-दोन मिनिटांनी वाढवायचं. आमच्या घराबाहेर पडलं की लगेच चढ, त्यामुळे मी राजांगणाभोवती चालायचं ठरवलं. मधे तुळस, चारी बाजूंनी छपराची वाट, जमीन सपाट, ऊन नाही. पाऊस सुरू झाला तेव्हा तर त्या राजांगणानं माझा एकही दिवस चुकू दिला नाही. पण पहिल्या फेरीलाच जाऊबाई धावत आल्या. ‘अगो, छाती फाडलेली बाई तू, अशी फिरतेस काय!’ हे दारात उभे, चेहरा उतरलेला. मी थोडी जोरानं श्वास घेतला तरी हे खुर्ची पुढे करायचे. त्यांच्या समाधानासाठी बसावं असं वाटायचं, आणि बसले की दुसऱ्या दिवशी पाय अधिक जड. मध्ये काही दिवस उगाच रडू यायचं, जेवण नकोसं व्हायचं, रात्री झोप नाही. हृदयाच्या ऑपरेशननंतर मन खचणं फार जणांना होतं, आणि ते डॉक्टरांना सांगायचं असतं, गिळायचं नसतं. मी सांगितलं, आणि बरं झालं.

पुढचे तीन महिने फोंड्यातल्या एका फिजिओकडे जायचं ठरलं. तिथल्या ताईंनी पहिल्या दिवशी व्यायाम दिलाच नाही. तीस मीटरचा सपाट पॅसेज आखलेला होता, दोन्ही टोकांना खुणा. सहा मिनिटांत माझ्या चालीनं जेवढं जाता येईल तेवढं जायचं. दम लागला तर थांबायचं, घड्याळ मात्र थांबत नाही. आधी आणि नंतर नाडी, रक्तदाब, बोटाला लावून ऑक्सिजन. त्यावरून माझी मात्रा ठरली.

मग भिंतीवरचा तक्ता. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेला, ६ ते २० आकड्यांचा. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे जीव काढणारे. मी चालत असताना ताई विचारायच्या, ‘आता कितीवर आहात?’ मला ११ ते १३ मध्ये राहायचं होतं. निरोगी माणसाच्या बाबतीत त्या आकड्याला दहानं गुणलं की साधारण नाडीचा आकडा येतो. पण माझ्यासारख्यांना नाडी मंद ठेवणारी गोळी, बीटा ब्लॉकर, चालू असते. नाडी वर चढतच नाही, म्हणून नुसत्या नाडीवर विसंबता येत नाही. स्वतःला काय जाणवतं ते ओळखायला शिकावं लागतं. याला दुसरी एक खूण आहे: चालता चालता बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. भजन म्हणणाऱ्या बाईला याहून चांगलं मोजमाप कुठलं? मी मनातल्या मनात एखादा अभंग सुरू करायची. आरामात गाता आला तर चाल कमी पडते आहे, शब्दच तुटायला लागले तर जास्त झाली.

सुरुवातीला दहा मिनिटं अंग हळूहळू तापवायचं, शेवटी दहा मिनिटं हळूहळू थांबायचं. एकदम थांबलं की पायांत रक्त साठून राहतं, डोक्याकडे कमी जातं आणि चक्कर येते, मुख्यतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना. घाईत असलेले रोगी हा शेवटचा भागच टाळतात, तो टाळू नये. मधुमेहामुळे मला आधी साखर तपासावी लागायची. १००च्या खाली असली तर काही तरी खाऊन मगच सुरू. खिशात गुळाचा खडा असायचाच.

आता ती घरकामाची गोष्ट. मी ताईंना एकदा सांगून टाकलं, की आता मी बराचसा स्वयंपाक करते, तेव्हा एखाद्या दिवशी नाही आले तरी चालेल. त्यांनी विचारलं, ‘खोबरं कोण खवतं?’ मी म्हटलं, मीच. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, खवणीवर बसल्यासारखं, आणि म्हणाल्या, ‘डावा हात छातीच्या हाडावर ठेवा आणि उजव्या हातानं खवल्यासारखं करा.’ मी केलं. हाताखाली एकाच बाजूला ओढ जाणवली, हाडाच्या सांध्यावर तिरकी. ‘बघा, दोन्ही बाजूंना सारखा ताण नाही. आणि जोर लावताना श्वास कोंडताय, तेही बघा.’ खरंच, मी श्वास धरला होता. कपडे पिळताना, कळशी उचलताना, जमिनीवरून हात टेकून उठताना हेच होतं. दहा लिटर पाण्याची कळशी म्हणजे दहा किलो, आणि मला त्या काळात दोन-तीन किलोंच्या वर काही उचलायचं नव्हतं. म्हणजे जे घरकाम ‘व्यायाम’ म्हणून खपतं, त्यात छातीला नको तो ताण मिळतो आणि हृदयाला हवी ती सलग चाल मिळत नाही. दहा पावलं चुलीकडे, पाच विहिरीकडे, मधे उभं राहणं. दिवसअखेर बाई दमते, पण अर्धा तास सलग मोजून चाललेली नसते. खोबरं खवणं त्या दिवसापासून सुनेकडे गेलं.

मला खरोखर राग येतो तो याचाच, की दमलेली बाई म्हणजे व्यायाम केलेली बाई, असं सगळेजण धरून चालतात. व्यायामाच्या उपचाराला पुरुषांपेक्षा बायका कमी येतात, हे जगभर दिसलं आहे. आमच्या वेळेला क्लिनिकमध्ये बहुतेक पुरुषच असत, बायको पिशवी घेऊन बाकावर बसलेली. बायकोचं ऑपरेशन झालं की नवऱ्यानं पिशवी घेऊन बसावं, एवढीच माझी मागणी आहे. आमचे हे बसले. ताईंनीच त्यांना बोलावून घेतलं, माझ्याबरोबर तक्त्यासमोर उभं केलं आणि घड्याळ त्यांच्या हातात दिलं. मी दम लागलेली असूनही तेरावर आहे आणि व्यवस्थित बोलते आहे, हे डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांची भीती उतरली. कधी थांबवायचं तेही त्यांना पाठ झालं: छातीत दाटलं, चक्कर आली, ठोके चुकले, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, किंवा छातीच्या हाडात कटकट जाणवली तर लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. जखम ओलसर दिसली, ताप आला, किंवा दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढलं तरीही.

वॉर्डात माझ्याबरोबर काणकोणच्या एक बाई होत्या. त्यांना आठवड्याला दोन-तीनदा कुठे जाणं शक्यच नव्हतं, बसच्या वेळा जुळत नव्हत्या आणि सोबतीला कुणी नव्हतं. त्यांना घरीच करायचा कार्यक्रम लिहून दिला होता, आणि फिजिओ फोन करून बोर्गचा आकडा, रक्तदाब, साखर विचारायची. माझं आधी मत होतं की घरी केलेलं ते तेवढं काही खरं नाही. पण नीट आखून दिलेला, कुणाची तरी नजर असलेला घरचा कार्यक्रम केंद्रातल्याइतकाच गुण देतो, असं अभ्यासांतून दिसलेलं आहे. आम्ही दोघी फोनवर एकमेकींचे आकडे सांगायचो. त्या समुद्रकाठच्या, पण वाळूवर चालायचं नाही असं त्यांना बजावलेलं. पाय रुततो, श्रम एकदम वाढतात. त्या पहाटे डांबरी रस्त्यावर चालायच्या.

तीन महिने झाल्यावर सर्जननी हाड तपासलं आणि वजनांची परवानगी दिली. आधी अर्धा किलो, मग एक, दोन्ही हातांनी सारखं, उचलताना श्वास सोडत. सहा मिनिटांची चाचणी पुन्हा झाली आणि पहिल्यापेक्षा पॅसेजच्या बऱ्याच फेऱ्या जास्त पडल्या.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली तशी मी ताईंना विचारलं, फुगडी खेळू का? त्या फोंड्याच्याच, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. तरी म्हणाल्या, ‘दाखवा कशी धरता ते.’ मी त्यांचे हात तिढ्यात धरले, दोघी थोड्या मागे रेललो. दोन्ही खांद्यांतून छातीवर सगळं वजन आलं, ते त्यांनाही जाणवलं आणि मलाही. शिवाय गोल फिरणं, त्यात माझ्या गोळ्या. ‘ही यंदा नाही. वजनांत ताकद येऊ दे, सर्जनना विचारू, मग बघू. पण टाळ्या वाजवत गोलात फिरायची आहे ना, ती खेळा, आणि गाणं दुसरीला म्हणू दे.’ दोघींची फुगडी सून आणि जाऊबाई खेळल्या. मी गोलात होते आणि एका बाजूनं तक्त्यावरचा आकडा मनात मोजत होते, बाराच्या पुढे गेला नाही. आता आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चालणं, दोन दिवस वजनं, आणि पुढची सहा मिनिटांची चाचणी दिवाळीनंतर आहे.